एका टिंबाची दुरुस्ती

तिसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला गिट, म्हणजे कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणारं साधन, शिकवताना मी मुलांना दोन पानांचं टिपण देते. काही वर्षांपूर्वी त्या टिपणातली एक कमांड एका मुलीला काही केल्या चालेना. शेवटची कमिट, म्हणजे बदलांची शेवटची नोंद, थोडी सुधारून पुन्हा नोंदवायची, एवढंच काम होतं. 'गिट कमिट', त्यापुढे दोन हायफन आणि 'अमेंड' हा शब्द. तिने टिपणाच्या पीडीएफमधून ओळ उचलली, टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड द्यायच्या खिडकीत, चिकटवली आणि एंटर दाबलं. गिटने सांगितलं, या नावाची फाइल मला माहीत नाही. तिने फाइल शोधली. फोल्डर बदलून पाहिला. सगळं पुसून रिपॉझिटरी, म्हणजे फाइली आणि त्यांच्या नोंदींचा सगळा साठा, पुन्हा उतरवून घेतली. तास संपताना माझ्याकडे आली आणि हळू आवाजात म्हणाली, "मॅडम, माझंच काहीतरी चुकतंय."

तिचं काहीच चुकलं नव्हतं. मी टिपण टाइप करत असताना वर्ड प्रोसेसरने दोन हायफन जोडून एक लांब रेघ करून टाकली होती. कागदावर वाचणाऱ्याला हा फरक कळतही नाही. गिटला मात्र लांब रेघेने सुरू होणारा शब्द कमांडला जोडायचा पर्याय वाटत नाही, फाइलचं नाव वाटतं. म्हणून ते बिचारं ती फाइल शोधत होतं, आणि त्याच्यामागून ही मुलगीही. चूक माझी होती, तास तिचा गेला आणि दोष तिने स्वतःच्या पदरात घेतला. यातली तिसरी गोष्ट मला आजही टोचते. हा लेख तिच्यामुळेच लिहिते आहे.

खुल्या सॉफ्टवेअरच्या, म्हणजे ज्याचा कोड कोणालाही वाचता आणि सुधारता येतो अशा सॉफ्टवेअरच्या, जगात एक वाद बराच जुना आहे. डॉक्युमेंटेशनमधलं चुकलेलं स्पेलिंग, गळलेला शब्द, जास्तीचं एखादं टिंब दुरुस्त करून पाठवणं याला काम म्हणायचं की नाही? पुष्कळ अनुभवी प्रोग्रॅमर त्याला किरकोळ म्हणून बाजूला सारतात. ज्याला कोड लिहिता येत नाही तो स्वल्पविराम हलवत बसतो आणि तपासणाऱ्याचा वेळ खातो, असं त्यांचं म्हणणं. मला ते पटत नाही. गिटसारख्या साधनाच्या डॉक्युमेंटेशनमध्ये 'लहान चूक' असा वेगळा प्रकारच नसतो. चूक केवढी, हे ती कोणाला आणि कोणत्या घटकेला भेटते त्यावर ठरतं. आणि ती एवढी मोठी ठरू शकते म्हणूनच तिला हात लावणाऱ्यावर कोड लिहिणाऱ्याइतकीच जबाबदारी येते. पहिली गोष्ट मान्य करायची आणि दुसरी विसरायची, असं चालणार नाही.

आधी गिटबद्दल थोडं. लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमच्या गाभ्याचा, म्हणजे कर्नलचा, कोड सांभाळायला बिटकीपर नावाचं व्यावसायिक साधन वापरलं जात होतं. त्याची फुकट वापरायची सोय बंद झाली तेव्हा, एप्रिल २००५ मध्ये, लिनक्सचा कर्ता लिनस टोरवाल्ड्स याने गिट लिहायला घेतलं. त्याच वर्षी जुलैमध्ये त्याने ते जुनिओ हमानो यांच्या हाती सोपवलं आणि तेव्हापासून हमानोच त्याचे मेंटेनर, म्हणजे कोणता बदल घ्यायचा ते ठरवणारे, आहेत. गिटचं मॅन्युअल कुठल्या वेगळ्या खात्यात लिहिलं जात नाही. ते प्रोग्रॅमच्याच रिपॉझिटरीत, 'डॉक्युमेंटेशन' नावाच्या डिरेक्टरीत राहतं. त्यामुळे मॅन्युअलमधला स्वल्पविराम बदलायचा असला तरी वाट तीच: पॅच, म्हणजे आपला बदल टिपलेली फाइल, तयार करायचा, त्यावर आपल्या नावाची सही ठेवायची, ईमेलने तपासणीला पाठवायचा. तो आधी 'सीन' नावाच्या ब्रँचमध्ये, म्हणजे कामाच्या एका स्वतंत्र शाखेत, दिसतो, मग 'नेक्स्ट'मध्ये, मग 'मास्टर'मध्ये, आणि पुढची आवृत्ती निघाली की लोकांपर्यंत पोहोचतो. कोडला एक दार आणि शब्दांना दुसरं, असं तिथे नाही. या एका व्यवस्थेसाठी मी गिटच्या मंडळींना फार मानते.

आता चिन्हांकडे येऊ. गिटमध्ये एका टिंबाला किती अर्थ असतो, ते शिकवायला उभं राहिल्याशिवाय नीट उमगत नाही. दोन ब्रँचच्या नावांमध्ये दोन टिंबं देऊन 'लॉग', म्हणजे कमिटची यादी दाखवणारी कमांड, चालवली, तर दुसऱ्या ब्रँचमध्ये असलेल्या पण पहिलीत नसलेल्या कमिट दिसतात. तीन टिंबं दिली तर दोहोंपैकी एकीतच असलेल्या सगळ्या कमिट दिसतात. हीच टिंबं फरक दाखवणाऱ्या 'डिफ'ला दिली की अर्थ बदलतो. तिथे दोन टिंबं म्हणजे दोन टोकांमधला थेट फरक, आणि तीन टिंबं म्हणजे दोन्ही ब्रँच जिथून फुटल्या त्या जागेपासून दुसरीत काय बदललं ते. तसंच 'हेड~२' आणि 'हेड^२'चं. 'हेड' म्हणजे आपण सध्या जिच्यावर आहोत ती कमिट. पहिलं तुम्हाला दोन पिढ्या मागे, आजोबांकडे नेतं. दुसरं, दोन ब्रँच एकत्र करणाऱ्या मर्ज कमिटच्या दुसऱ्या पालकाकडे. ब्रँच पुसताना छोटा 'डी' दिला तर मर्ज न झालेलं काम गिट पुसू देत नाही, मोठा 'डी' दिला तर काही न विचारता पुसून टाकतं. अशा ठिकाणी छापताना एक अक्षर लहानचं मोठं झालं तर त्याला मुद्रणदोष म्हणून सोडून देता येईल का?

यात आणखी एक गंमतशीर अडचण आहे. गिटचं मॅन्युअल अ‍ॅस्किडॉक नावाच्या खुणांच्या पद्धतीत लिहिलं जातं. या पद्धतीत टिल्ड (~) ही अक्षर ओळीखाली सरकवायची खूण आहे आणि कॅरेट (^) वर चढवायची. दोन हायफनची काही ठिकाणी लांब रेघ होते. म्हणजे गिटला जी चिन्हं सगळ्यात जास्त लागतात, तीच त्याचं मॅन्युअल लिहिण्याची भाषा गिळून टाकते! म्हणून टिल्ड, कॅरेट, चौकटी कंस, दोन हायफन यांना गिटच्या लोकांनी वेगळी टोपणनावं देऊन ठेवली आहेत. मजकुरात नाव लिहायचं, छापताना चिन्ह उमटतं. लिहिणारा कुठे हे विसरला की मूळ फाइलमध्ये सगळं बरोबर असतं आणि वाचणाऱ्यासमोर चुकीचं उमटतं. अशी चूक लेखकाला दिसत नाही. ती पहिल्यांदा दिसते वाचणाऱ्याला, तीही तो अडखळला तरच. माझ्या टिपणातली लांब रेघ याच कुळातली.

तर प्रश्न वाचणाऱ्याचा आहे. मॅन्युअल कोण वाचतं? ज्याला येतं तो वाचत नाही. वाचतो तो नवशिका, किंवा रात्री अकरा वाजता काहीतरी बिघडवून बसलेला माणूस. दोघांचाही स्वतःवरचा विश्वास त्या वेळी डळमळलेला असतो. त्यातून वाचणाऱ्याचं शिक्षण मराठी माध्यमात झालेलं असेल तर तो इंग्रजी वाक्य मनात उलगडत, जुळवत वाचतो. इंग्रजी घरात बोलणारा माणूस चुकीच्या स्पेलिंगवरून नजर सरकवून पुढे जातो. त्याला ती चूक म्हणून दिसते. आमच्या मुलांना तो नवा शब्द वाटतो. ती तो शब्दकोशात शोधतात, तिथे सापडत नाही, मग वाटतं हा तांत्रिक शब्द असणार आणि आपल्यालाच माहीत नाही. टर्मिनलमध्ये मॅन्युअल उघडून स्लॅश देऊन शोधणाऱ्याचंही तेच होतं. त्याने स्पेलिंग बरोबर लिहिलं आणि मॅन्युअलमध्ये ते चुकलेलं असलं, तर त्याच्यासाठी तो परिच्छेद अस्तित्वातच नाही.

वाक्यातला एखादा नकार गळला तर विचारूच नका. इंग्रजीत मुरलेला वाचक अंदाजाने तो भरून काढतो. आमची मुलं मात्र लिहिलंय ते खरं मानून चालतात. छापलेल्या शब्दावर विश्वास ठेवायला आपणच त्यांना बारा-पंधरा वर्षं शिकवलेलं असतं. 'पुस्तकात असं दिलंय' या वाक्यावर आपल्याकडे परीक्षेचे गुण मिळतात.

शब्दांचीच गोष्ट निघाली आहे तर आणखी एक सांगते. पुढच्या कमिटमध्ये काय जाणार ते जिथे जमा होतं त्या जागेला गिटमध्ये 'इंडेक्स' म्हणतात, जुन्या मजकुरात 'कॅश' म्हणतात आणि शिकवताना सगळे 'स्टेजिंग एरिया' म्हणतात. जागा एकच, नावं तीन. त्यात पर्यायांमध्ये 'कॅश्ड' आणि 'इंडेक्स' हे दोन वेगवेगळ्या अर्थांनी येतात, आणि तो फरक समजावायला मॅन्युअलला वेगळा खुलासा द्यावा लागला आहे. दरवर्षी वर्गात कोणीतरी या तीन नावांच्या तीन वेगळ्या पेट्या काढून आणतं. मी त्या चित्रावर काट मारते तेव्हा मला त्या मुलाचा राग येत नाही. चित्र मजकुराशी इमान राखूनच काढलेलं असतं.

चूक वेळेवर पकडली नाही तर पुढे ती पकडताच येत नाही, हेही आपल्या क्षेत्राने पाहिलेलं आहे. आपण एका वेबपानावरून दुसऱ्यावर गेलो की ब्राउझर सर्व्हरला सांगतो, हा अमुक पानावरून आला. त्या नोंदीचं नाव इंग्रजीतल्या 'रेफरर' या शब्दावरून ठेवलं, पण लिहिताना त्यातला एक 'आर' गळला. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्या संवादाचे नियम सांगणाऱ्या १९९६ च्या एचटीटीपीच्या दस्तऐवजात ते तसंच छापलं गेलं, आणि तोवर इतक्या प्रोग्रॅमनी ते चुकीचं स्पेलिंग धरलं होतं की आता बदलणं अशक्य झालं. पुढे त्याच विषयावरची दुसरी नोंद आली, 'रेफरर-पॉलिसी'. तिच्यात स्पेलिंग बरोबर आहे. म्हणजे आज वेबवर काम करणाऱ्या प्रत्येकाने एकाच शब्दाचं एक चुकीचं आणि एक बरोबर स्पेलिंग पाठ ठेवायचं, कुठे कोणतं ते लक्षात ठेवायचं. दस्तऐवज कच्चा असताना कोणी एक अक्षर घातलं असतं, तर गेली तीसेक वर्षं जगभरच्या लोकांना ही झीज सोसावी लागली नसती.

आता दुसरी बाजू. ती हलकी नाही आणि मला ती डावलायचीही नाही. दुरुस्ती फुकट होत नसते. गिटमध्ये 'ब्लेम' नावाची कमांड आहे. फाइलमधली प्रत्येक ओळ शेवटी कोणी, कोणत्या कमिटमध्ये बदलली ते ती दाखवते. कोणी त्या ओळीतलं नुसतं स्पेलिंग सुधारलं की तिथे त्या सुधारणाऱ्याचं नाव लागतं आणि ज्याने मूळ विचार करून ती ओळ लिहिली तो एक थर खाली जातो. 'ही ओळ अशी का आहे' हे शोधणाऱ्याला आणखी एक पायरी उतरावी लागते. ही अडचण इतकी खरी आहे की ऑगस्ट २०१९ मध्ये आलेल्या २.२३ या आवृत्तीत काही ठरावीक कमिट 'ब्लेम'मध्ये धरू नकोस असं सांगायची सोय करावी लागली.

भाषांतरकारांचं दुखणं याहून मोठं. गिट स्क्रीनवर जे संदेश दाखवतं त्यांची भाषांतरं गेटटेक्स्ट पद्धतीने होतात. तिथे मूळ इंग्रजी वाक्य हीच भाषांतराची किल्ली असते. इंग्रजीत एक स्वल्पविराम हलला तरी किल्ली बदलते, आणि जर्मनपासून व्हिएतनामीपर्यंत प्रत्येक भाषेतलं ते वाक्य 'संशयित' होऊन पुन्हा तपासणीला येतं. अर्थ तसूभरही हललेला नसताना इतक्या देशांतल्या माणसांनी, तीही बहुतेक बिनपगारी, ते वाक्य उघडून पाहायचं. मॅन्युअलच्या भाषांतरांचंही तसंच. आणि मेंटेनर तर एकच. गिटच्या कोड लिहिण्याच्या नियमांतही सांगितलं आहे की त्या भागात दुसरं खरं काम करत असाल तर जाता जाता शैलीची साफसफाई करा, पण केवळ साफसफाईसाठी कोड ढवळू नका. हा नियम कोडच्या ठेवणीबद्दल आहे, पण त्यामागचा शहाणपणा मजकुरालाही लागू आहे.

म्हणून मी एक रेघ ओढते. जी चूक वाचणाऱ्याला अडवते, भलतीकडे नेते किंवा शोधताना सापडू देत नाही, ती एक अक्षराची असली तरी लगेच दुरुस्त व्हावी. जी फक्त आपल्या डोळ्याला खुपते, म्हणजे इथे एक मोकळी जागा जास्त पडली आहे, तिथे मला दुसरा शब्द आवडला असता, ती राहू द्यावी, किंवा त्या पानाचं मोठं काम निघेल तेव्हा त्यात सामावून घ्यावी. ही रेघ प्रत्येक वेळी ठळक दिसेलच असं नाही. तेव्हा माझा कौल वाचणाऱ्याच्या बाजूने. तपासणारा माणूस जाणता असतो. चार मिनिटं गेली तर त्याचं नुकसान होतं, पण तो स्वतःला मूर्ख समजून बाहेर पडत नाही.

आणि मग ते टी-शर्ट. 'हॅक्टोबरफेस्ट' नावाचा उपक्रम २०१४ पासून दर ऑक्टोबरात होतो. हेतू चांगला होता: नव्या लोकांनी खुल्या सॉफ्टवेअरमध्ये यावं, चार बदल पाठवावेत, त्यांना एक टी-शर्ट मिळावा. २०२० मध्ये मेंटेनरांच्या दारात निरर्थक बदलांचा पूर आला. प्रकल्पाची ओळख सांगणाऱ्या रीडमी फाइलच्या मथळ्यात एखादं 'अमेझिंग' घालायचं, वाक्याच्या शेवटी काहीतरी चिकटवायचं आणि मोजणी पुरी करायची. महिन्याच्या पहिल्याच आठवड्यात नियम बदलावा लागला. ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिला असेल त्यांच्याकडचेच बदल धरायचं ठरलं. पुढेही एका प्रसिद्ध जावास्क्रिप्ट प्रकल्पाच्या रीडमीत स्वतःचं नाव लिहून पाठवणाऱ्या विद्यार्थ्यांची रीघ लागली होती. शिकवणीच्या व्हिडिओत नमुन्यादाखल जे दाखवलं, ते मुलांनी खऱ्या रिपॉझिटरीवर करून पाहिलं. त्यात आपल्या देशातली मुलं होती. मला त्यांची लाज वाटली नाही, वाईट मात्र फार वाटलं. दुसऱ्याच्या मजकुरात हात घालणं म्हणजे काय, हे त्यांना कोणी सांगितलंच नव्हतं.

आपल्याकडे हे सांगणारा एक माणूस होऊन गेला आहे. ज्ञानेश्वरीच्या प्रती हातोहात लिहिल्या जात होत्या, लिहिणाऱ्यांच्या चुका आणि पदरच्या ओव्या तिच्यात शिरत होत्या. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ च्या सुमारास, प्रती ताडून पाठ शुद्ध केला. आणि शेवटी बजावलं, की जो यात आपली मराठी ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असं समजावं. स्वतः उत्तम कवी असलेला माणूस हे म्हणतो आहे. त्याला चांगली ओवी रचता आली नसती असं थोडंच आहे? पण दुरुस्ती करायला बसलेल्याने भर घालायची नसते, हे त्याने ओळखलं होतं. दुरुस्ती करणाऱ्याचं मोठेपण तो दिसेनासा होण्यात आहे. मी दरवर्षी हे वर्गात सांगते. कॉम्प्युटरच्या तासाला एकनाथ कुठून आले म्हणून मुलं क्षणभर गोंधळतात, पण नरोटी त्यांच्या लक्षात राहते.

काही जण म्हणतील, आता हे सगळं यंत्रावर सोपवा. स्पेलिंग तपासणारी साधनं तर आहेतच. लिनक्स कर्नलच्या सोर्समध्ये नेहमी चुकणाऱ्या शब्दांची एक यादीच ठेवलेली आहे आणि पॅच तपासणारी स्क्रिप्ट ती वापरते. नवी भाषिक मॉडेलं तर मिनिटभरात शंभर चुका काढून देतील. स्पेलिंग यंत्राने शोधावं, माझी ना नाही. पण यंत्राने काढलेल्या शंभर दुरुस्त्या कोणा एका माणसाच्या डोक्यावर एकदम ओतणं ही मदत होत नाही. त्या शंभरातली प्रत्येक दुरुस्ती बरोबर आहे की नाही हे शेवटी त्यालाच पाहायचं असतं. शिवाय ज्या चुका मुलांचे तास खातात त्या यंत्राला सहसा खटकत नाहीत. व्याकरणाने निर्दोष, स्पेलिंगने निर्दोष, आणि सांगते ते नेमकं उलटं, अशी वाक्यं असतात. ती सापडायला कोणीतरी त्या वाक्यावर विश्वास ठेवून कमांड चालवावी लागते आणि तोंडघशी पडावं लागतं.

अशी एक दुरुस्ती मी जवळून पाहिली आहे. माझ्या एका विद्यार्थिनीला एका छोट्या प्रकल्पाच्या मार्गदर्शिकेत विसंगती दिसली. वाक्य होतं, 'फक्त तुमच्या ब्रँचमधले बदल पाहण्यासाठी ही कमांड द्या', आणि खाली 'डिफ'मध्ये मुख्य ब्रँच आणि आपली ब्रँच यांच्यामध्ये दोन टिंबं. तिने ती चालवून पाहिली. दरम्यान मुख्य ब्रँचमध्ये इतरांनी केलेलं कामही तिला दिसलं, तेही उलटं, जणू तिनेच ते पुसलं आहे. तिने बरोबर ओळखलं की इथे चूक आहे. तिने वाक्य बदललं: 'दोन्ही ब्रँचमधला फरक पाहण्यासाठी'. पॅच पाठवला. खूश होती. मेंटेनरने उत्तरात एकच प्रश्न विचारला, की या जागी वाचणाऱ्याला नेमकं काय हवं असतं?

ती दोन दिवस अस्वस्थ होती. मग माझ्याकडे आली आणि आम्ही ते पान पहिल्यापासून वाचलं. ते पान होतं काम पाठवण्याआधी स्वतःचं काम तपासून घेण्याबद्दल. तिथे वाचणाऱ्याला फक्त आपले बदल पाहायचे असतात. म्हणजे वाक्य बरोबर होतं आणि कमांड चुकली होती. तीन टिंबं हवी होती. तिने सगळा बदल मागे घेतला, एक टिंब घातलं आणि कमिटच्या निरोपात चार वाक्यं लिहिली: आधी काय दिसत होतं, का दिसत होतं, आता काय दिसेल, आणि तिने हे कसं करून पाहिलं. एका टिंबासाठी चार वाक्यं आणि चार दिवस. पॅच स्वीकारला गेला.

मेंटेनरने तो प्रश्न विचारला नसता, पहिलाच पॅच 'धन्यवाद' म्हणून घेतला असता, तर काय झालं असतं? वाक्य आणि कमांड एकमेकांशी जुळले असते. विसंगती गेली असती आणि तिच्याबरोबर चूक ओळखायची खूणही गेली असती. पुढच्या प्रत्येक वाचकाला त्या पानावर जे हवं होतं ते कायमचं मिळेनासं झालं असतं. म्हणून दार अरुंद आहे अशी तक्रार नवी मंडळी करतात तेव्हा मी त्यांच्या बाजूने बोलत नाही. त्या दारात प्रश्न विचारला जातो, हीच त्याची किंमत आहे. मी मागते ते एवढंच, की प्रश्न मायेने विचारावा. 'हे किरकोळ आहे' असं उत्तर मिळालेला मुलगा परत येत नाही, आणि त्याला पुढे दिसणाऱ्या दहा चुकाही त्याच्याबरोबर निघून जातात.

चांगली दुरुस्ती कधीकधी मजकुराच्या पलीकडे पोहोचते. गिटमधली 'चेकआउट' ही कमांड बरीच वर्षं दोन वेगळी कामं करत होती: एका ब्रँचवरून दुसरीवर जायचं, आणि फाइलमधले न नोंदवलेले बदल टाकून देऊन जुनी फाइल परत आणायची. पहिलं काम निरुपद्रवी, दुसरं दिवसभराची मेहनत पुसू शकणारं. एकाच पानावर दोन्ही समजावताना वाक्यं कितीही नीट केली तरी गोंधळ उरणारच, कारण गोंधळ वाक्यांत नव्हता. शेवटी २.२३ मध्येच 'स्विच' आणि 'रिस्टोर' अशा दोन वेगळ्या कमांड आल्या. समजावून सांगता येत नाही म्हणजे बहुधा रचनेतच काही अडलेलं असतं, हे मी शिकवताना शंभरदा अनुभवलं आहे. मॅन्युअलचं वाक्य सुधारायला बसलेल्या माणसाला ते सर्वांत आधी कळतं. त्याला किरकोळ कामाचा माणूस म्हणणं हे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेणं आहे.

डोनाल्ड कनुथ यांच्यासारखा संगणकशास्त्रातला ऋषितुल्य माणूस आपल्या पुस्तकांतली चूक दाखवणाऱ्याला २.५६ डॉलरचा चेक देत असे; २५६ सेंट म्हणजे संगणकवाल्यांच्या सोळाच्या पायावरच्या मोजणीतला एक डॉलर, कारण त्या मोजणीत १०० म्हणजे २५६. बहुतेक लोक तो चेक वटवत नसत, चौकटीत लावून ठेवत. २००८ मध्ये बँकांतल्या फसवणुकीमुळे त्यांनी खरे चेक थांबवले आणि एका काल्पनिक बँकेची प्रमाणपत्रं द्यायला सुरुवात केली, तरी चुका कळवणारे थांबले नाहीत. टी-शर्ट आणि हा चेक यांत मला मोठा फरक दिसतो. टी-शर्टसाठी बदल मोजले गेले. कनुथांकडे आधी चूक खरी आहे का ते पाहिलं जातं, लेखक स्वतः पाहतो, आणि मगच सही होते.

आपल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत असं काही होऊ शकतं का? मला वाटतं होऊ शकतं, आणि त्याला पैसा लागत नाही. आज गिटचं प्रॅक्टिकल म्हणजे दहा कमांड चालवून त्यांचे स्क्रीनशॉट जर्नलमध्ये चिकटवणं. त्यातल्या निम्म्या जर्नलांत चुकाही सारख्याच असतात, कारण मूळ प्रत एकच. त्याऐवजी एक प्रॅक्टिकल असं असावं: कोणत्याही खुल्या साधनाच्या मॅन्युअलचं एक पान घ्या, त्यातली प्रत्येक कमांड चालवून पाहा, आणि लिहिलेलं व घडलेलं यांत जिथे फरक दिसेल तो नोंदवा. फरक का आहे ते शोधा. ताज्या आवृत्तीत तो अजून आहे का, की जुन्या आवृत्तीचं पान वाचत होतात, तेही पाहा. पॅच पाठवायची सक्ती नको, स्वीकारला गेला तर जास्त गुण हे तर अजिबात नको; तसं केलं की पुन्हा टी-शर्टच. गुण द्यायचे ते नोंदीला. फरक सापडला नाही तर तसं लिहिणाऱ्यालाही पूर्ण गुण.

विद्यापीठाच्या अभ्यासक्रमात हे येईल तेव्हा येईल. मी माझ्यापुरती सुरुवात केली आहे. ते दोन पानांचं टिपण आता पीडीएफ राहिलेलं नाही. साध्या मजकुराच्या फाइलमध्ये आहे, रिपॉझिटरीत ठेवलेलं आहे, आणि पहिल्या तासाला मुलांना त्यातल्या माझ्या चुका शोधायला सांगते. सुरुवातीला कोणी बोलत नाही. मॅडमची चूक काढायची कशी, हा संकोच असतो. मग मी त्यांना 'लॉग' चालवायला सांगते. इतिहासातली सगळ्यात खालची कमिट टिपणाची आहे, त्याच्यावरची माझी: 'लांब रेघेऐवजी दोन हायफन. जुन्या ओळीमुळे कमांड फाइलचं नाव समजून चालत होती. चूक टिपणाची होती, ती ओळ चिकटवणाऱ्या विद्यार्थिनीची नाही.' त्याच्यावर मुलांच्या. या वर्षीची पहिली दुरुस्ती मागच्या बाकावरून आली. मागच्या कमिटवर परत नेणाऱ्या 'रिसेट' कमांडच्या उदाहरणात मी 'हेड^२' लिहिलं होतं, हवं होतं 'हेड~२'. तीन वर्षं ते तसंच होतं आणि मला दिसलं नव्हतं.